ती चुकते तेव्हा तुम्ही काय करता?

पत्र : माझी पुतणी दुसरीत आहे. बडबडी आहे, गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगते. पण नवा मजकूर समोर ठेवला की शब्दाचं पहिलं अक्षर वाचते आणि मग माझ्या तोंडाकडे बघते. पुस्तकातले धडे घडाघडा म्हणते, ते बहुतेक पाठ झालेत. वर्गात मोठ्याने वाचायची पाळी आली की तिच्या पोटात दुखतं. कोणीतरी रोज तिला एकटीला घेऊन बसा, असं बाईंनी सांगितलं. घरात वेळ मलाच आहे, म्हणून मी बसतो. आम्ही तासभर बसतो. शेवटी ती रडते आणि मी चिडतो. मी शिक्षक नाही. एकच धडा दहा-दहा वेळा वाचून घ्यावा का? बाराखडी परत पहिल्यापासून सुरू करावी का? तिच्यात काही दोष तर नाही ना? – एक काका

काका (सहीच्या जागी तुम्ही एवढंच लिहिलंय, तेव्हा मीही तेच म्हणते),

आधी ते तासभर बसणं आजपासून बंद करा. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास, पण रोज. सात वर्षांचं मूल दमलं की वाचायचं सोडून देतं आणि यातून सुटका कशी होईल ते बघत बसतं. त्या अवस्थेत पुढची चाळीस मिनिटं तुम्ही दोघं फक्त एकमेकांना छळत असता.

दुसरं म्हणजे तुमची जागा बदला. तुमच्या पत्रातलं 'माझ्या तोंडाकडे बघते' हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुम्ही समोर बसत असणार. शब्द बरोबर आला की तुमच्या भुवया सैल होतात, चुकला की ओठ आवळले जातात, आणि हे सगळं ती पुस्तकापेक्षा कितीतरी सफाईने वाचते. शेजारी बसा. पुस्तक दोघांच्या मध्ये, दोघांचीही नजर कागदावर. एवढ्यानेच तिची एक पळवाट बंद होईल आणि तुम्हाला तिचं बोट नेमकं कुठे अडतंय ते दिसायला लागेल.

आता ती का अडते त्याकडे येते. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी 1986 मध्ये वाचनाचं एक साधं गणित मांडलं. वाचून समजणं म्हणजे अक्षरांवरून शब्द उलगडता येणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं. मुद्दाम गुणाकार, कारण दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तरही शून्य येतं. तुमच्या पुतणीची दुसरी बाजू भक्कम आहे. एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगणारं मूल भाषेत मागे नाही. तिची पहिली बाजू लंगडी आहे, आणि गंमत म्हणजे दुसरी बाजू इतकी चांगली आहे म्हणूनच ते इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. पहिलं अक्षर, शेजारचं चित्र, गोष्टीचा अंदाज आणि पाठांतर यांच्या जोरावर तिने पहिली पार केली. अंदाज बांधण्यात ती हुशार आहे. नव्या मजकुरात अंदाज चालत नाही, एवढंच.

माझ्या म्हणण्याची खात्री करायची असेल तर कागदावर काही निरर्थक शब्द लिहा : गिपू, मेळास, टोरकी, सुभेण. हे परग्रहावरच्या प्राण्यांची नावं आहेत म्हणून सांगा, म्हणजे परीक्षा वाटणार नाही. हे शब्द पाठ असण्याची शक्यताच नाही आणि चित्रही मदतीला नाही. ती 'गिपू'चं 'गपू' करते का, 'मेळास'चं 'मळस' करते का, की सगळं बरोबर वाचते, यावरून तिला काय येतं आणि काय येत नाही ते दहा मिनिटांत कळेल. धडा दहा वेळा वाचून घेऊन ते कळणार नाही.

एकेकट्या मुलाला शिकवण्याचा खरा फायदा इथे आहे. चाळीस मुलांच्या वर्गात बाईंना चूक ऐकू येते, पण ती कुठल्या प्रकारची चूक आहे हे बघायला सवड नसते. तुम्हाला ती आहे. तेव्हा घरी छोटा वर्ग भरवू नका. फळा, 'माझ्यामागून म्हण', धड्याखालचे प्रश्न हे सगळं शाळेत होतंच आहे. तुम्ही ऐका आणि लिहून ठेवा. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी अडखळणाऱ्या मुलांसाठी 1970 च्या दशकात जी पद्धत बसवली, तिच्यात शिक्षक मूल वाचत असताना प्रत्येक शब्दाची नोंद ठेवतो. बरोबर वाचला तर खूण, चुकला तर छापलेल्या शब्दावर मुलाने जे म्हटलं ते. रोज सगळं लिहायची गरज नाही, आठवड्यातून एकदा पुरे. पण तो कागद हातात आला की चुकांचे गट पडतात. त्या गटांवरून उद्या काय शिकवायचं ते ठरवायचं.

मराठीत हे गट बहुतेक ठरलेले असतात. 'दिवा' असेल तिथे 'दवा' किंवा 'देवा' वाचलं तर मात्रा-वेलांटी पक्की नाही. पहिली वेलांटी तर फारच खोडकर. ती अक्षराच्या आधी दिसते आणि बोलताना नंतर येते, त्यामुळे डावीकडून उजवीकडे इमानाने वाचणारं मूलच तिथे फसतं. 'घर'चं 'धर', 'भात'चा 'मात' झाला तर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा घोळ. 'पावसात'ऐवजी 'पाऊस', 'घरापासून'ऐवजी 'घर' म्हटलं तर तिने शब्दाचा पुढचा भाग पाहिलेलाच नाही. वाक्याचा अर्थ साधारण लागतो म्हणून आपण ही चूक सोडून देतो. माझ्या मते ती सगळ्यात बोलकी चूक आहे, कारण अंदाजाची सवय तिथेच उघडी पडते. मराठी शब्दाला शेपट्या फार. 'झाडाखालच्या', 'मैत्रिणीबरोबर' असे शब्द पाहूनच मूल हबकतं. असा शब्द बोटाने झाकून तुकड्यातुकड्याने उघडा : झाडा, खालच्या. दोन-चार दिवसांत ती स्वतःच बोट ठेवायला लागेल.

आणि जोडाक्षरं? त्यांची घाई नको. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून 2007 मध्ये दाखवलं की आपल्यासारख्या लिप्यांमध्ये सगळी अक्षरं, मात्रा आणि जोडाक्षरं पक्की व्हायला इंग्रजीसारख्या लिप्यांपेक्षा बराच जास्त काळ लागतो, ते काम तिसरी-चौथीपर्यंत चालतं. इंग्रजीत आकार सव्वीस (फार तर दुप्पट), आपल्याकडे मात्रा आणि जोड धरले तर शेकड्यांनी. दुसरीतल्या मुलीला 'सूर्य', 'चक्र', 'ट्रक' यांतले तीन वेगळे दिसणारे 'र' ओळखता आले नाहीत तर घाबरू नका. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत तर मोठी माणसंही गडबडतात.

बाराखडीबद्दल विचारलंत. पहिल्यापासून म्हणून घेऊ नका. बहुतेक मुलांना बाराखडी गाण्यासारखी येते. 'के' दाखवला की ती मनातल्या मनात क, का, कि, की करत तिथवर चालत जातात. वाचताना एवढा वेळ नसतो. शिवाय गाण्यातला 'के' आला तरी 'बे' येईलच असं नाही. कुठलाही क्रम न पाळता विचारून बघा : के, मो, बी, तू, पि. जी मात्रा अडखळते तेवढीच घ्या, एका वेळी एक, फार तर जवळजवळच्या दोन. नऊ मात्रा येत असताना बारा शिकवत बसलात तर तिला कंटाळा येणारच.

सरावासाठी मला शब्दांची साखळी सगळ्यात आवडते. अक्षरं आणि मात्रा वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहा आणि प्रत्येक वेळी एकच चिठ्ठी बदला. काका, काकी, काळी, काळा, माळा, माळी, माती, मोती. आठ शब्द झाले आणि प्रत्येक ठिकाणी तिला थांबून बघावं लागलं की आता नेमकं काय बदललं. पहिलं अक्षर बघून पुढे ठोकून द्यायची सोय इथे नाही. मग उलटं करा. तुम्ही शब्द उच्चारा, तिने चिठ्ठ्या लावायच्या. लिहिताना कान आणि डोळा एकत्र येतात, त्यामुळे वाचनाच्या वेळेतली पाच मिनिटं लिहिण्यात गेली तर ती वाया गेली असं समजू नका.

सुटी अक्षरं येतात पण शब्द जुळत नाही, असंही तिच्या बाबतीत होत असेल. 'ग... व... त...' म्हणून मूल थांबतं, आणि मध्ये इतका वेळ गेलेला असतो की पहिलं अक्षर विसरलेलं असतं. अशा वेळी अक्षरं तोडून म्हणू देऊ नका, ओढून म्हणायला सांगा : गऽवऽत, श्वास न तोडता. पुस्तक बाजूला ठेवूनही हा खेळ होतो. तुम्ही 'मला का... ग... द... दे' असं तुटक बोला, तिने ती वस्तू आणायची. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ दानिईल एल्कोनिन शब्दातल्या प्रत्येक आवाजासाठी मुलांना एकेक सोंगटी चौकटीत सरकवायला लावत. घरी गुंड्या चालतील. आधी अक्षरागणिक एक गुंडी. नंतर, ते जमलं की, 'की' या एकाच अक्षरात क् आणि ई असे दोन आवाज आहेत हे दोन गुंड्यांनी दाखवा. मात्रा म्हणजे काय हे कित्येक मुलांना इथे पहिल्यांदा उमगतं.

आता चुकीकडे येते, कारण तुमचं चिडणं आणि तिचं रडणं तिथूनच सुरू होतं. ती अडली की तुम्ही काय करता ते पत्रात नाही, पण बहुतेक मोठी माणसं करतात तेच करत असाल : लगेच शब्द सांगून टाकणं, नाहीतर 'अगं, कालच तर सांगितलं होतं'. अमेरिकेत मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गातलं संभाषण ध्वनिमुद्रित करून तपासलं, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदसुद्धा थांबत नाहीत असं दिसलं. तीन सेकंद थांबले तेव्हा मुलं जास्त आणि नीट बोलायला लागली. तुम्ही मनात पाच आकडे मोजा. ते फार लांब वाटतील. आणि शब्द चुकला तरी वाक्य संपेपर्यंत तोंड उघडू नका, कारण पुढचे शब्द जुळले नाहीत की कधीकधी ती स्वतःच मागे येईल. ज्या दिवशी ती असं मागे आली, त्या दिवशी बाकी सगळं चुकलं तरी चालेल. मागे येणं म्हणजे ती आता स्वतःच्या वाचनाकडे लक्ष देतेय.

वाक्य संपलं आणि चूक तशीच राहिली तर त्या शब्दाखाली बोट ठेवा, 'हा परत बघ, इथे वर काय आहे?' एवढंच बोला. तरीही नाही आलं तर शांतपणे सांगा आणि पूर्ण वाक्य पुन्हा वाचू द्या. एका शब्दावर तीन-चार मिनिटं झगडत बसण्यात काही अर्थ नाही, गोष्ट तिथेच मरते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा : 'चित्र बघ, काय असेल सांग.' मेरी क्ले यांच्या पद्धतीचं नाव मी वर घेतलं. रोज अर्धा तास, एक शिक्षक, एक मूल, साधारण बारा ते वीस आठवडे, असा तो कार्यक्रम अनेक देशांत पोचला आणि पहिलीतल्या मुलांमध्ये त्याचा लाभ मोजून दाखवताही आला. पण त्यात चित्र आणि संदर्भ यांवरून शब्दाचा अदमास घेण्यालाही जागा होती. त्यावर बरीच टीका झाली. 2022 मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातल्या संशोधकांनी तीच मुलं तिसरी-चौथीत तपासली, तेव्हा ती तशाच इतर मुलांच्या मागे पडलेली दिसली. नेमकं कशामुळे, यावर अजून वाद आहेत. माझ्यापुरतं मी त्यातलं रोजचं, एकट्याचं, बारकाईने बघणं ठेवलंय आणि अदमास सोडून दिलाय. तुमच्या पुतणीला तर अदमास शिकवायची गरजच नाही, तो तिच्याकडे हवा त्यापेक्षा जास्त आहे.

अर्थाचं काम नंतरचं. अक्षरं वाचून झाल्यावर 'हे बरोबर वाटतंय का?' हा प्रश्न तिने स्वतःला विचारायचा. मराठीत तर तो लागतोच. 'चाक' आणि 'चार' यांत 'च' एकच, उच्चार दोन. कुठला घ्यायचा ते अक्षर सांगत नाही, शब्द ओळखीचा असेल तर कान सांगतो. आधी डोळ्यांनी अक्षरं, मग कानाने पडताळा, या क्रमाने चालू द्या.

धडा दहा वेळा वाचण्याबद्दल. पाठ झालेला धडा शंभर वेळा वाचला तरी फरक पडणार नाही, ती पानाकडे न बघताही तो म्हणते. परत परत वाचण्याचा उपयोग आहे, पण तो नव्या आणि छोट्या मजकुराचा. वाचनाचे अभ्यासक एस. जे सॅम्युएल्स यांनी 1979 मध्ये हे तंत्र लिहून ठेवलं. पन्नास ते दोनशे शब्दांचा तुकडा मूल पुन्हा पुन्हा वाचतं आणि दर खेपेला अडखळणं कमी होतं. तुम्ही पन्नास शब्दांपासून सुरुवात करा. आज दोनदा, उद्या एकदा, परवा एकदा. पहिल्या दिवशीचं वाचन फोनवर ध्वनिमुद्रित करा, शेवटच्या दिवशीचंही, आणि दोन्ही तिला ऐकवा. ती पाठ म्हणतेय अशी शंका आली तर खालच्या ओळीपासून वर वाचायला सांगा, लगेच कळेल.

मजकूर निवडताना शंभर शब्दांत दहापेक्षा जास्त ठिकाणी ती अडत असेल तर तो बदला. पहिलीचं पुस्तक घ्यावं लागलं तर घ्या, पण 'हे लहान मुलांचं' असं चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. 'अगदी सोपं आहे' हेही म्हणू नका. आपण धीर द्यायला म्हणतो, मूल ऐकतं ते वेगळंच : सोपं आहे आणि तरी मला येत नाही. 'हा शब्द अवघड आहे, बघू जमतोय का' हे बरं. जमला तर मोठेपणा तिचा, नाही जमला तर दोष शब्दाचा. 'शाब्बास, हुशार आहेस' यापेक्षाही 'वेलांटी बघून तू मागे आलीस, ते मला आवडलं' हे जास्त कामाचं, कारण उद्या परत काय करायचं ते तिला कळतं.

आणि अवघड, लांब, रंगतदार गोष्टी तुम्ही तिला वाचून दाखवत राहा. वाचनाच्या वीस मिनिटांव्यतिरिक्त, बक्षीस म्हणून नव्हे, रोजच. तिची भाषा तिच्या वाचनाच्या दोन इयत्ता पुढे आहे. तिला फक्त 'आई घर बघ' छापाचा मजकूर मिळत राहिला तर ती भाषाही सुकेल.

पोटदुखीसाठी बाईंशी बोला. पोटदुखी खोटी नाही, भीतीने पोट खरोखर दुखतं. बाईंना एवढंच सांगा की तिला अचानक उठवू नका, उद्या कुठला उतारा वाचायचा ते आज कळवा. तो तुम्ही घरी दोनदा घ्या. ज्या बाईंनी स्वतःहून तिला एकटीला घेऊन बसायला सुचवलं, त्या एवढं नक्की ऐकतील. आत्मविश्वास वाढवण्यासाठी तिला स्पर्धेत उतरवा, पाहुण्यांसमोर वाचायला लावा, असे सल्ले मिळतील. मनावर घेऊ नका. आधी वाचता यायला लागतं, आत्मविश्वास त्याच्या मागून येतो.

दोषाबद्दल. डोळे आणि कान एकदा तपासून घ्या, ते सगळ्यांनीच करायला हवं. सात-आठ वर्षांपर्यंत अक्षरं उलटसुलट होणं बऱ्याच मुलांमध्ये दिसतं, तेवढ्यावरून काही ठरत नाही. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला शिकणंच जड जाणं, हा डोळ्यांचा आजार नाही आणि त्याचा बुद्धीशी संबंध नाही. भाषेतले आवाज सुटे करणं आणि ते खुणांशी जोडणं मेंदूला जड जातं, हे त्याचं मूळ. त्यामुळे रंगीत चष्मे, डोळ्यांचे व्यायाम असलं काही कोणी सुचवलं तर पैसे वाचवा. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 मध्येच एकत्रितपणे सांगितलंय की त्यांचा उपयोग होतो असा पुरावा नाही. तीन-चार महिने रोज नेमाने, अडलेल्या मात्रेवर नेमकं काम करूनही आज आलेलं परवा पुसलं जात असेल, यमक जुळवणं जड जात असेल, किंवा घरात आणखी कोणाला लहानपणी वाचनाचा असाच त्रास झाला असेल, तर वाट बघत बसू नका. मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षकाकडून रीतसर तपासणी करून घ्या. निदान काहीही आलं तरी आज सांगितलेलं काम फुकट जाणार नाही. अशा मुलांनाही असंच, फक्त जास्त सावकाश आणि जास्त वेळा शिकवावं लागतं.

राहिलं तुमचं चिडणं. तुम्ही चिडता कारण तासाभरानंतरही काही हललेलं दिसत नाही. वीस मिनिटांत एकच मात्रा धरली तर हललेलं दिसतं, आणि राग बराचसा तिथेच उतरतो. तरीही एखाद्या दिवशी आवाज चढायला लागला तर 'आज इथेच थांबू' म्हणा आणि तुम्हीच तिला एक पान वाचून दाखवा. एक दिवस बुडाला तर काही बिघडत नाही.

पहिल्या महिन्याचे चार नोंदींचे कागद झाले की मला पाठवा. पहिली वेलांटी आणि 'पावसात'चं 'पाऊस' होणं, या दोन्हींचं काय झालं ते बघू. जोडाक्षरांना हात कधी घालायचा ते त्यावरून ठरवता येईल.